बारवेतलं यान आणि फ्लेक्सचं दुकान

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून चोवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणलीय, नाही छापत. पत्र चार पानांचं आहे, त्यातलं मुख्य तेवढं सांगते.

तिनं संभाजीनगरला बीएफए, म्हणजे कलेची पदवी, केलं. आता तालुक्याच्या गावी एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहे, महिना ११ हजार. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर, भावी नगरसेवक, दशक्रिया, लग्नाचं स्वागत. रात्री जेवणं झाली की अकरा ते दोन तिचं खरं काम, म्हणजे सायन्स फिक्शन आणि फँटसीची चित्रं. इन्स्टावर दोनशेच्या वर टाकलीत. आत्तापर्यंत कामं मिळाली तीन. दोन दिवाळी अंकांतली कथाचित्रं, त्यातल्या एकाचं मानधन म्हणून अंकाची एक प्रत आली. आणि विज्ञानकथांच्या एका पुस्तकाचं कव्हर १५०० रुपयांत, जे पुढं ऑडिओबुकवर आणि दुसऱ्या आवृत्तीवरही दिसलं, ना पैसे ना आत कुठं नाव. घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वडील म्हणतात कला शिक्षकाचा डिप्लोमा कर आणि शाळेत चिकट. आई म्हणते स्थळं यायलीत. भाचा म्हणतो मावशी मी दहा सेकंदात मोबाईलवर ड्रॅगन काढतो, तू काय रात्र रात्र जागायलीस.

तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत: "ताई, फ्लेक्स करून करून माझा हात खराब व्हायलाय. नोकरी सोडून पुण्याला जाऊ का? आपल्याकडं राहून हे करिअर होतच नाही ना? आणि एआय आल्यावर ह्याला काही अर्थ उरलाय का?" सोबत सहा चित्रं पाठवलीत.

---

अगं, आधी चित्रांबद्दल बोलते, नोकरीचं मागून. कारण पत्रात तू पुणं, एआय, वडील, स्थळं सगळ्यांवर लिहिलंस आणि चित्रांवर एक ओळ पण नाही, मला ते जरा खटकलं.

सहातली पाच चित्रं मी ओळखते. म्हणजे तुझी म्हणून नाही, ती सगळीकडं असतात म्हणून. बर्फाच्या डोंगरावर ड्रॅगन. पावसात भिजलेलं निऑनचं शहर, खाली छत्री घेऊन एकटा माणूस पाठमोरा. कवटीच्या सिंहासनावर राणी. हात चांगलाय तुझा, ड्रॅगनच्या पंखातून येणारा उजेड तर लै भारी जमलाय. पण खरं सांग, तू बर्फ बघितलायस का? मी पण नाही बघितला, एकदा मनालीला गेलते तर तिथं चिखल होता नुसता. तुझ्या चित्रातला बर्फ दुसऱ्याच्या चित्रातून आलाय आणि त्याचा अजून तिसऱ्याच्या, म्हणून तो साबणाच्या फेसासारखा दिसतो.

आणि सहावं चित्र, ज्याच्याखाली तू "हे रफ आहे, चुकून गेलं तर सॉरी" असं लिहिलंस, ते मी दोन दिवस मोबाईलवर उघडून बघायलेय. बारव आहे. पायऱ्या उतरत खाली गेल्यात, आणि तळाच्या पाण्यात एक यान अर्धं बुडालेलं, तिरपं, गंजलेलं. त्याच्या पंखाला दोरी बांधून कुणीतरी गोधड्या वाळत घातल्यात. आणि तीन बाया घागरी घेऊन पायऱ्या चढतायत, एकीचं पण यानाकडं लक्ष नाही. म्हणजे ते यान तिथं इतकी वर्षं पडलंय की त्याचं कौतुक संपलंय. एवढी मोठी गोष्ट तू एका शब्दाशिवाय सांगितलीस आणि वरून सॉरी म्हणतीस?

तर तू विचारायलीस की परभणीत राहते म्हणून काम मिळत नाही का. मला वाटतं प्रश्न उलटा आहे. तू परभणीत राहतीस हे तुझ्या पाच चित्रांत दिसतच नाही, म्हणून काम मिळत नसंल. कुणा आर्ट डायरेक्टरला बर्फातला ड्रॅगन पाहिजे असंल तर बर्फाच्या देशातले हजार जण रांगेत उभे आहेत, तुझा नंबर कधी लागणार. पण बारवेतलं यान त्याला दुसरं कोण देणार?

हे मी "आपली माती आपली माणसं" टाइपचं बोलत नाहीये. ह्या धंद्याचं तंत्रच असं आहे. चित्रातली एक गोष्ट अशक्य असली की बाकीच्या सगळ्या शक्य वाटल्या पाहिजेत, नाहीतर बघणारा विश्वास ठेवत नाही. चेस्ली बोनस्टेल म्हणून अमेरिकेत होता, अवकाशचित्रांचा बापमाणूस. १९४४ मध्ये लाइफ साप्ताहिकात त्याची शनीची चित्रं आली, त्यातलं टायटन ह्या उपग्रहावरून दिसणारा शनी हे तर पुढं जगभर गाजलं. निळं आकाश, बर्फाळ कडे आणि मधोमध शनी. आता गंमत अशी की ते चुकीचं निघालं, टायटनभोवती एवढं दाट नारिंगी धुकं आहे की खालून शनी असा दिसणारच नाही. पण लोकांनी विश्वास ठेवला कारण डोंगरकड्यांचे दगड खरे होते, त्यांच्यावर पडलेली सावली खरी होती. हा माणूस आधी आर्किटेक्टांकडं इमारतींची चित्रं काढायचा, मग हॉलिवूडच्या स्टुडिओत सिनेमाच्या मागचे देखावे रंगवायचा. शनीची चित्रं छापली तेव्हा ५६ वर्षांचा होता, म्हणजे माझ्या आजच्या वयाचा, तेव्हा चोवीसाव्या वर्षी उशीर झाला असं मला तरी सांगू नकोस.

माझ्यापुरतं सांगते. मी लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजच्या पोरांबरोबर मदतीला गेलते. दगडमातीची घरं, जाड भिंती, वर जड माळवद, सगळं खाली बसलेलं. एका घराची एकच भिंत उभी होती आणि त्यातल्या कोनाड्यात आरसा आणि कंगवा जागच्या जागी. त्यानंतर तीस वर्षांत मी कितीतरी उद्ध्वस्त नगरं काढली, परग्रहावरची, हजार वर्षांपुढची, पण दगड कसे पडतात आणि काय उभं राहतं हे दरवेळी तिथलंच येतं. एका संपादकानं विचारलं होतं की तुमच्या पडक्या शहरात नेहमी एक कोनाडा काहून असतो. काय सांगणार, हसले फक्त.

आणि तुला तर खजिना पडलाय आजूबाजूला. वालूरची ती गोल बारव, पायऱ्या चक्रासारख्या फिरत खाली जातात, बघितली असशीलच. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता. वेरूळचं कैलास, जे वरून खाली कोरत आणलंय, विचार कर एखादं शहरच्या शहर असं वरून खाली कोरलेलं असंल तर तिथले लोक दारं कुठं काढतील, पाणी कुठून जाईल. आणि अजिंठ्याची सतरा नंबरची लेणी, तिथं सिंहल अवदान रंगवलंय, जहाज फुटतं, व्यापारी बेटावर जाऊन पडतात, तिथल्या सुंदर बाया राक्षसिणी निघतात. पाचव्या शतकातली फँटसीच की ती, आणि ती पण भिंतभर, पॅनल-बिनल न पाडता एका प्रसंगातून दुसऱ्यात वाहत जाणारी. कॉलेजच्या ट्रिपला आपण तिथं जाऊन पद्मपाणीसमोर फोटो काढतो आणि परत येतो. ह्यावेळी वही घेऊन एकटी जा, गर्दीतले चेहरे कसे एकमेकांवर रचलेत तेवढंच उतरव. फ्लॅश नको, तिथले लोक ओरडतात, आणि बरोबर ओरडतात.

आता फ्लेक्सचं दुकान. तू म्हणतीस तिथं हात खराब व्हायलाय. मी म्हणते जरा हिशोब कर तिथं काय काय शिकलीस त्याचा. सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, तुला पाठ झाले, स्क्रीनवर चमकणारा निळा छापून आल्यावर कसा मळतो हे तू पैसे गमावून शिकलीस. ब्लीड, म्हणजे कडेला कापण्यापुरता जास्तीचा भाग, सोडायचा, अक्षरांना जागा सोडायची, गर्दीत मुख्य चेहरा कुठला ते एका नजरेत कळलं पाहिजे, आणि संध्याकाळी सहाला गिऱ्हाईक आलं की सहाला फाइल तयार पाहिजे. "भाऊंचा फोटो अजून मोठा करा" हे वाक्य तू दिवसातून चारदा ऐकत असशील, तर बाई, न्यूयॉर्कचा आर्ट डायरेक्टर पण हेच म्हणतो, फक्त भाऊच्या जागी हिरो असतो. पुस्तकाचं कव्हर मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं तेव्हा ते ओळखू आलं पाहिजे, हे ज्याला रस्त्यावरच्या बॅनरचं कळतं त्याला लगेच कळतं. 'स्टार वॉर्स' ह्या प्रसिद्ध अंतराळ सिनेमांची पहिली चित्रं काढणारा राल्फ मॅकक्वारी आधी बोइंग कंपनीत विमानाच्या भागांची तांत्रिक चित्रं काढायचा. नट-बोल्ट काढून त्याचा हात खराब झाला नाही, उलट त्याची यानं उडतील अशी वाटतात ती त्यामुळंच.

तर नोकरी सोडू नकोस. निदान अजून नको. पण आहे तशी पण ठेवू नकोस. मालकाशी बोल, अर्धा दिवस करता येतं का बघ, किंवा पगाराऐवजी बॅनरमागं पैसे ठरव आणि आठवड्यातले दोन दिवस मोकळे काढ. रात्री अकरा ते दोन हे फार दिवस चालत नाही, मी करून बसलेय, मनगट आणि डोळे दोन्ही गेले, आता क्रेप बँडेज बांधून काढते. तुझे वडील सोयाबीनमध्ये तूर काहून घेतात? सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, हातात पैसा येतो, तूर संक्रांतीपर्यंत उभी राहते, मुळं खोल जातात, मधी पाऊस ताण देतो तरी टिकते. दोन्ही एकाच रानात. तू म्हणायलीस सोयाबीन उपटून टाकते आणि नुसती तूर लावते, तसं करू नकोस एवढंच माझं म्हणणं.

आणि हेच बापाला सांग. ते तुला म्हणत असतील की ह्यात पक्कं काही नाही, उद्याचा भरवसा नाही. मग भाव माहीत नसताना दरवर्षी जूनमध्ये पेरणारा माणूस कोण आहे घरात? त्यांना बेभरवशाचं कळत नाही असं समजू नकोस, त्यांना ते तुझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर ते तुला शाळेत पाठवायलेत. कलाशिक्षकाची नोकरी वाईट नाही हां, मला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवणारे चित्रकलेचे सरच होते, ते नसते तर मी आज कुठंतरी हिशोब लिहीत असते. पण डिप्लोमा करून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जागा कधी निघणार ह्याची वाट बघणं हे पण बेभरवशाचंच आहे, फक्त त्याला लोक बेभरवशाचं म्हणत नाहीत. वडिलांबरोबर बस आणि मुदत ठरव, दोन खरीप म्हण त्यांच्या भाषेत. ह्या दोन हंगामांत किती चित्रं, किती लोकांना पाठवली, किती पैसे आले, हे वहीत लिहायचं आणि त्यांना दाखवायचं. नुसतं "माझं स्वप्न आहे" म्हणलं की घरात भांडण होतं, वही पुढं ठेवली की निदान चर्चा होते.

पुण्याचं म्हणशील तर, पुण्याला नोकरीसाठी जा, आशेसाठी जाऊ नको. म्हणजे तिथल्या गेमच्या नाहीतर अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत कन्सेप्ट आर्टिस्ट म्हणून हातात ऑफर लेटर आलं तर बिनधास्त जा, तिथं शिकायला खूप मिळतं, शेजारी बसलेला पोरगा तुझ्यापेक्षा भारी असतो हीच सगळ्यात मोठी शिकवणी. फक्त दोन गोष्टी माहीत असू दे. तिथं काढलेलं सगळं कंपनीचं असतं, गेम बाहेर येईपर्यंत तुला ते कुणाला दाखवता पण येत नाही, कधीकधी गेम बंदच पडतो आणि दोन वर्षांचं काम कपाटात जातं. आणि दुसरं, कन्सेप्ट आर्ट म्हणजे सुंदर चित्र नव्हे, एकाच कंदिलाचे चाळीस प्रकार, मागून कसा दिसतो, उघडतो कसा, हे काढणं. तुला त्यात मजा येत असंल तर ते कर, गोष्ट सांगण्यात मजा येत असंल तर तू कव्हरवाली आहेस. बारवेवरून मला तरी तू गोष्टवाली वाटतीस. पण ऑफर नसताना कॉट बेसिसवर खोली घेऊन पुण्यात बसलीस तर भाडं भरायला तिथं पण फ्लेक्सच करशील, आणि इथं जी भाकरी घरची आहे ती तिथं विकत.

कामं येतात ती ईमेलनं. माझ्या वेळी मूळ चित्र पुठ्ठ्यात बांधून एसटीच्या कंडक्टरकडं द्यावं लागायचं आणि पुण्याच्या स्टँडवर प्रकाशकाचा माणूस घ्यायला यायचा. एकदा दिलेलं चित्र परत आलंच नाही, विचारलं तर म्हणाले उंदरांनी खाल्लं. तेच चित्र मी चार वर्षांनी त्यांच्या ऑफिसात भिंतीवर फ्रेम करून लावलेलं बघितलं. चहा पिऊन आले, बोलले काहीच नाही, अजून राग येतो स्वतःचा.

म्हणून तुझ्या त्या १५०० च्या कव्हरवर जरा सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी पण वाचा, कारण मला येणाऱ्या पत्रांत दर दुसऱ्यात हेच रडगाणं असतं. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्र तू काढलंस तर मालक तूच, हे साधारण खरं, पण त्यात एक खोच आहे. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसंल तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. डिजिटल कव्हर त्यात बसतं का नाही ह्यावर वकील भांडू देत, आपण कशाला त्या भानगडीत पडायचं, आधीच लिहून घ्यायचं. दुसरी बाजू पण ऐक, तुझे हक्क तुझ्याकडून दुसऱ्याकडं जायला लेखी करार लागतो, नुसतं फोनवर "घ्या की सर" म्हणलं म्हणून हक्क जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसंल तर पाच वर्षं धरली जाते, कुठल्या देशात वापरणार ते नसंल तर भारतापुरतं. आणि आपलं नाव लागावं हा हक्क तर हक्क विकल्यावरही चित्रकाराकडं राहतो. तर ज्यांनी ऑडिओबुकवर चित्र वापरलं त्यांना शांतपणे एक ईमेल कर, शिवीगाळ नको, स्टेटस नको, सरळ लिही की आपलं बोलणं छापील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीपुरतं झालं होतं, बाकीच्या वापराचे इतके पैसे, आणि पुढच्या आवृत्तीत नाव टाका. देतील का? बहुतेक टाळतील. पण पुढच्या वेळी ते तुला फोन करतील तेव्हा सांभाळून करतील.

पुढच्या कामापासून एक साधा ईमेल आधी पाठवायचा, वकील नको काही नको, आपल्या मराठीत: चित्र कशासाठी (छापील पुस्तक, ईबुक, ऑडिओ वेगवेगळं लिही), किती वर्षांसाठी, कुठल्या भाषेसाठी, रफमध्ये किती बदल आणि त्यानंतरच्या बदलाला किती पैसे, अर्धे पैसे आधी, काम मधेच रद्द झालं तर किती, नाव कुठं छापणार, मूळ चित्र माझं. समोरच्यानं "ओके" म्हणून उत्तर दिलं की तो स्क्रीनशॉट काढून ठेव. ज्याला एवढं वाचून राग येतो तो पैसे पण देणार नव्हता असं समज.

मूळ चित्र माझं ह्यावर हसू नकोस. फ्रँक फ्रझेटा हा फँटसी कव्हरांचा राजा, पिळदार योद्धे आणि वाघ-बिघ काढायचा, तो आपली मूळ चित्रं सांभाळून ठेवायचा. १९६९ मध्ये एका भुताखेतांच्या मासिकाच्या कव्हरसाठी काढलेलं त्याचं 'इजिप्शियन क्वीन' २०१९ मध्ये लिलावात ५४ लाख डॉलरला गेलं. तोवर तो वारला होता, ते सोड. आपल्याकडं मुळगावकर, दलाल ह्यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक दिवाळी अंक विकत घ्यायचे, ते अंक रद्दीत गेले आणि आता जुन्या पुस्तकवाल्याकडं शोधत फिरतात. तू डिजिटल काढतीस म्हणजे तुझ्याकडं "मूळ" म्हणजे लेयरवाली फाइल. ती कुणाला द्यायची नाही, चपटी करून द्यायची. आणि दोन ठिकाणी बॅकअप, आपल्याकडं लाईटचं काय सांगावं, दर दहा मिनिटाला सेव्ह.

भाच्याचा दहा सेकंदांचा ड्रॅगन. बघ, खोटं नाही बोलणार, काही कामं गेलीत. स्वस्तातलं, कसलंही चाललं असतं असं काम गेलंय, आणि फ्लेक्सचं तर आणखी जाईल, उद्या भाऊ स्वतःच मोबाईलवर आपला बॅनर करतील मागं दोन वाघ टाकून. पण तुझा ड्रॅगन आणि भाच्याचा ड्रॅगन शेजारी ठेवले तर फरक सांगता येईना हा प्रश्न मशीनचा जेवढा आहे तेवढा तुझा पण आहे, मघाशी तेच बोलले मी. बारवेचं चित्र त्याला काढायला सांग बरं मोबाईलवर. येईल काहीतरी, बाया सगळ्या यानाकडं तोंड वासून बघत असतील बघ. शिवाय कव्हर एकदा काढून संपत नाही, मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकावर तीच बाई पाच वर्षं म्हातारी होऊन आली पाहिजे, कपाळावरची तीच खूण पाहिजे, लेखक म्हणतो हात खाली घ्या तर फक्त हातच खाली आला पाहिजे. आणि अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं सांगून टाकलंय की नुसत्या मशीननं केलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळं ज्या प्रकाशकाला आपलं कव्हर दुसऱ्यानं उचलू नये असं वाटतं त्याला माणूस लागतो. काही प्रकाशक आता पहिले रफ मागतात, खात्री करायला. म्हणून पहिल्या खरडीपासून सगळं जपून ठेव, रेफरन्सला काढलेले फोटो सुद्धा.

काम मागायचं कसं हे तू विचारलं नाहीस, मीच सांगते. इन्स्टावरच्या दोनशे चित्रांतून कुणी शोधत बसत नाही. दहा-बारा चित्रांचा पोर्टफोलिओ कर, साधी वेबसाइट नाहीतर आर्टस्टेशन ही चित्रकारांची साइट, आणि सगळ्यात कच्चं चित्र काढून टाक कारण लोक तुला त्याच्यावरूनच तोलतात. त्यात निदान तीन चित्रं खऱ्या कव्हरसारखी, वर शीर्षकाला जागा सोडलेली. दोन चित्रांत तेच पात्र परत आलेलं. माणसांची, कपड्यांची, हातांची चित्रं पाहिजेत, ड्रॅगन सगळेच काढतात, घागर धरलेला हात काढता येणारे कमी. मग पाठव. मराठीत दिवाळी अंकांची तयारी पावसाळ्याच्या आधीपासून सुरू होते, तेव्हा मे महिन्यात संपादकांच्या मेलमध्ये तुझी चार चित्रं पडली पाहिजेत, सप्टेंबरात पाठवून उपयोग नाही. पैसे थोडे मिळतात, पण अट घाल की निदान अमुक इतके, अंकाची प्रत म्हणजे मानधन नव्हे. बाहेरच्यांसाठी, स्वतःची पुस्तकं स्वतः छापणारे इंग्रजी लेखक, छोटी विज्ञानकथा मासिकं, टेबलावर खेळायच्या कार्डांचे नाहीतर रोल-प्लेइंगच्या, म्हणजे पात्र होऊन खेळायच्या खेळांचे छोटे प्रकाशक, इथून सुरुवात होते, मोठ्या कंपन्या मागून. त्यांना इंग्रजी लांबलचक नको, चार ओळी आणि लिंक बास. महिन्याला दहा मेल. नऊ जण उत्तर देणार नाहीत, ते मनाला लावून घ्यायचं नाही, त्यांनी वाईट पण म्हणलेलं नसतं. बाहेरून पैसे आले की बँकेकडून पावती घेऊन ठेव, आणि वर्षाकाठी २० लाखाच्या आत असशील तर जीएसटीचं टेन्शन नाही, ते टेन्शन ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला पेढे पाठव.

भाव ठरवताना तास मोज. एका कव्हरला तुझे ४० तास जात असतील आणि ४ हजार मिळत असतील तर तासाला शंभर, आणि फ्लेक्सच्या दुकानात तासाला किती पडतात ते काढ. ज्या दिवशी चित्राचा तास फ्लेक्सच्या तासाच्या वर सहा महिने टिकला त्या दिवशी दुकान सोड, मला विचारू पण नकोस. पेन टॅबलेट भारीतला घ्यायच्या मागं लागू नको, बिनस्क्रीनचा चार-पाच हजाराचा पुरतो, सॉफ्टवेअर क्रिता फुकट मिळतं आणि त्यात कव्हर होतं.

लग्नाचं तू शेवटी दोनच ओळीत लिहिलंस, म्हणजे तेच जास्त बोचत असणार. मी काय सांगू, माझं झालं, टिकलं, त्याचं कारण एवढंच की बघायला आले तेव्हा मी पोह्याच्या प्लेटबरोबर चित्रांची फाइल पण ठेवली होती टेबलावर. दोन स्थळं त्या फाइलीनं गेली, आई आठवडाभर बोलली नाही. तिसऱ्यानं पानं उलटली आणि विचारलं की हे काढताना तुम्ही कुठं बसता. मला ते आवडलं. तुला जो भेटेल त्याला हेच विचार, की मी बसणार कुठं आणि माझं टेबल दुपारी रिकामं करावं लागंल का.

आता काम सांगते. बारवेचं ते रफ पुरं कर, बाकी पाच राहू देत. एप्रिलमध्ये खऱ्या बारवेवर जा, पाणी खाली गेलेलं असतं तेव्हा पायरीपायरीवर जुन्या पाण्याची रेघ दिसते, तीच रेघ तुझ्या यानावर पण पाहिजे, आत्ता नाहीये. यानाचा जो भाग वर राहतो तो उन्हानं पांढुरका पडला असता, खालचा हिरवा. आणि पुढच्या बाईच्या डोक्यावर तू घागर नुसती ठेवलीस, खाली चुंबळ नाही. अशी घागर चार पायऱ्या पण चढणार नाही, तुझ्या आईला विचार. झालं की परत पाठव, ह्यावेळी रफ म्हणून नाही.